वेंगुर्ले : प्रेक्षणीय स्थळांमागील बंदराचा इतिहास

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या माहितीपुस्तिकांतून प्रसिद्ध होऊ लागल्या. वेंगुर्ले तालुक्याची यादी आता जवळजवळ निश्चित झालेली आहे. सागरेश्वरचा किनारा, बंदर व दीपगृह, डच वखार, मोचेमाडची खाडी, आरवलीचा वेतोबा, शिरोड्याची मिठागरे, रेडीचा गणपती व यशवंतगड, उत्तरेकडे कोंडुरा, निवती आणि भोगवे. या यादीतील स्थळांचा क्रम रस्त्याच्या सोयीने ठरतो. त्यामुळे डच वखार आणि मिठागर, मंडई आणि दीपगृह ही एकमेकांशी काहीही संबंध नसलेली स्थळे आहेत असा समज पर्यटकाचाच नव्हे, तर शैक्षणिक सहलीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचाही होतो. पुस्तिकांमध्ये या गावाचे जे वैशिष्ट्य आवर्जून सांगितले जाते ते म्हणजे येथील शांत, निवांत किनारा. तथापि हा निवांतपणा वेंगुर्ल्यास निसर्गाने दिलेला नाही. सतराव्या शतकात आणि पुन्हा एकोणिसाव्या शतकात हे बंदर गजबजलेले होते. ते रिकामे कसे झाले याचा शोध घेतल्याशिवाय वरील यादीतील बहुतेक स्थळांचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत निबंधात त्या दृष्टीने ही स्थळे कालक्रमाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

डच वखार

वेंगुर्ल्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी पाहिली जाणारी वास्तू म्हणजे डच वखार होय. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला पोर्तुगिजांचा आशियातील व्यापार मोडावयाचा होता आणि त्या व्यापाराचे केंद्र गोवा हे होते. गोव्यावर थेट हल्ला करण्याऐवजी दरवर्षी पावसाळा संपताच मांडवी व जुवारी या नद्यांच्या मुखाशी आरमार उभे करावयाचे आणि पुढील पावसाळ्यापर्यंत पोर्तुगीज जहाजांची ये-जा रोखून धरावयाची, हा मार्ग डचांनी स्वीकारला. अशी नाकेबंदी महिनोन्‌महिने चालवावयाची तर गोड्या पाण्याची, सरपणाची, ताज्या मांसाची व भाजीपाल्याची सोय जवळच असणे आवश्यक होते. ही सोय आदिलशाही मुलखातील, पण गोव्याच्या अगदी उशाशी असलेल्या वेंगुर्ल्यात होती. १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट याची वकिली विजापूरच्या दरबारी गेली आणि मुहम्मद आदिलशहाच्या संमतीने वेंगुर्ल्यात डचांचे ठाणे उभे राहिले. ३० सप्टेंबर १६३९ रोजी डच आरमाराने मुरगावच्या आखातात पोर्तुगिजांची तीन मोठी गलबते नष्ट केली. या चढाईमागील पुरवठ्याचा आधार वेंगुर्ले हाच होता.

वखार म्हटली की मिरी-मसाल्याची कोठारे डोळ्यांसमोर येतात. येथेही व्यापार होत होताच. परंतु हे ठाणे मुळात लष्करी पुरवठ्यासाठी आणि बातम्यांसाठी होते, ही बाब पर्यटन-पुस्तिकांत क्वचितच आढळते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये १६४८ मध्ये सुरतेहून डच जहाजाने येथे उतरला. त्याने या गावाचा उल्लेख ‘मिंग्रेला’ असा केला असून, गोव्याची नाकेबंदी करताना डच जहाजे येथूनच अन्नपाणी घेत असे नोंदविले आहे. हिंदुस्थानातील उत्तम नांगरवाड्यांपैकी एक, असे या बंदराचे वर्णन त्याने केले. आज किनाऱ्यावर उभे राहणाऱ्यास हे वाक्य अतिशयोक्त वाटेल. पण ज्या काळी जहाजे खोल समुद्रात नांगर टाकून लहान होड्यांनी माल उतरवीत, त्या काळाची गरज ध्यानात घेता ते समजण्यासारखे आहे.

या वखारीचे मराठ्यांच्या इतिहासाशी असलेले नाते अधिक जवळचे आहे. वेंगुर्ल्याचे डच अधिकारी सभोवतालच्या राजकारणाच्या बातम्या बटाव्हिया व हॉलंड येथील वरिष्ठांना नियमितपणे कळवीत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या कोकणातील हालचाली, आदिलशाही सरदारांची स्थिती आणि कुडाळ परिसरातील उलथापालथ यांच्या समकालीन नोंदी त्यामुळे डच दप्तरांत राहिल्या. या नोंदी तटस्थ असतात असे समजण्याचे कारण नाही. ऐकीव वार्ता आणि व्यापारी स्वार्थ यांचे मिश्रण त्यांत असतेच. मात्र बखरींच्या तुलनेत त्या घटनेच्या अगदी निकट लिहिल्या गेल्या, हे त्यांचे मोल आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३० च्या दशकात शिवचरित्राचे खंड लिहिताना डच कागदपत्रांचा उपयोग केला, ही महाविद्यालयीन अध्यापकांनी आवर्जून स्मरणात ठेवावी अशी गोष्ट होय. डच कंपनीच्या दप्तराचा युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत २००३ मध्ये समावेश झाला. हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यातील मोठा भाग आता संगणकावर खुला केला आहे. म्हणजे वेंगुर्ल्याविषयीचे कागद वेंगुर्ल्यात बसून पाहता येतात. अडचण उरते ती सतराव्या शतकातील डच हस्ताक्षर वाचण्याची.

१६६३ मध्ये डचांनी कोची जिंकली, पोर्तुगिजांशी तह अमलात आला आणि गोव्याच्या नाकेबंदीचे प्रयोजन संपले. येथूनच वेंगुर्ल्याच्या डच ठाण्याचा उतार सुरू झाला. १८८० च्या रत्नागिरी व सावंतवाडी गॅझेटियरात १६६४ मध्ये मराठ्यांनी आणि १६७५ मध्ये मोगलांनी हे गाव जाळल्याचे, तसेच १६९६ मध्ये खेम सावंतांनी ते लुटल्याचे म्हटले आहे. सतरावे शतक सरत असता डच येथून निघून गेले होते.

वखारीची इमारत मात्र राहिली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, कमानी, प्रशस्त दालने असे तिचे स्वरूप आहे. राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकांत तिचा समावेश असूनही छप्पर नाहीसे झाल्यानंतर दीर्घ काळ तिच्या भिंतींतून झाडे वाढत राहिली. जांभा हा दगड उघड्यावरच्या पावसात टिकतो खरा, पण आतील चुना धुऊन गेला आणि सांध्यांत मुळे शिरली की भिंत फुगते. कोकणात वर्षाकाठी सरासरी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेता अशा वास्तूच्या बाबतीत विलंब म्हणजे प्रत्यक्ष हानी होय. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या किल्ल्यांभोवती लोकभावनेचे जे कवच आहे ते परक्यांच्या या वखारीला लाभलेले नाही. वस्तुतः शिवकालाचे एक परकीय साक्षीदार म्हणून तिची गणना त्या किल्ल्यांच्या बरोबरीने व्हावयास हवी.

घाटमार्ग, कॅम्प आणि मंडई

१८१२ मध्ये सागरी चाचेगिरीच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने वेंगुर्ले सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे आले. त्याच वर्षी कोल्हापूरकरांनी मालवण दिले. पुढे १८१९ मध्ये निवती आणि रेडी हे किल्लेही इंग्रजी फौजेने घेतले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर बेळगाव हे इंग्रजांचे मोठे लष्करी ठाणे बनले आणि त्या ठाण्याचे समुद्रद्वार म्हणून वेंगुर्ल्याला पुन्हा महत्त्व प्राप्त झाले. गावाच्या एका भागास आजही ‘कॅम्प’ म्हणतात, तो याच काळाचा अवशेष. आरंभी वाहतूक रामघाटाने होई. १८६० च्या दशकाच्या अखेरीस आंबोली घाटातून गाडीरस्ता झाल्यावर हुबळी-धारवाडकडील कापूस बैलगाड्यांनी वेंगुर्ल्यास उतरू लागला. आज पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी आंबोलीला होणारी गर्दी ज्या वळणांवर थांबते, ती वळणे कापसाच्या गाड्यांसाठी आखलेली होती.

या भरभराटीच्या खुणा गावात विखुरलेल्या आहेत. नगरपरिषदेची स्थापना १८७६ ची. बाजारपेठेतील मंडई मुंबईच्या मंडईप्रमाणेच ‘क्रॉफर्ड मार्केट’ या नावाने ओळखली जाते. सकाळच्या वेळी तेथे मासळी, कोकम, ओले काजूगर आणि हंगामात हापूस यांची जी उलाढाल असते ती पाहण्यासारखी आहे. किंबहुना किनाऱ्यावर एक तास कमी घालवून तो या मंडईत घालवावा. अमेरिकन मिशनने चालविलेले सेंट ल्यूक रुग्णालय हीदेखील बंदरामुळेच येथे आलेली संस्था म्हणता येईल, कारण मिशनरी नेहमी वाहतुकीच्या वाटेनेच आले. या मिशनमधील डॉक्टरांचे पुत्र रॉबर्ट गोहीन यांचा जन्म १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात झाला. ते पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे भारतातील राजदूत झाले. रुग्णालयाच्या परिसरातून जाणाऱ्या पर्यटकास याचा पत्ता नसतो.

ही भरभराट फार टिकली नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडण्याचे काम हाती घेतले गेले आणि १८८८ मध्ये तो मार्ग पूर्ण झाला. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील माल आगगाडीने मुरगावास जाऊ लागला. बैलगाडीने आंबोली उतरण्याचे कारण उरले नाही. अडीचशे वर्षांपूर्वी गोव्याला शह देण्यासाठी वाढलेले बंदर अखेर गोव्यातील बंदरामुळेच मागे पडले. स्थानिक इतिहास शिकविताना १८८८ हे वर्ष १८१२ पेक्षा महत्त्वाचे मानावे लागेल, कारण सत्तांतराने गावाचा व्यवसाय बदलला नव्हता. तो लोहमार्गाने बदलला.

आगबोट, चाकरमानी आणि साहित्य

माल गेला तरी माणसांची वाहतूक राहिली. मुंबई-गोवा आगबोटी वेंगुर्ल्यास थांबत. होडीतून आगबोटीवर चढणे हा कोकणी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांचा सामाईक अनुभव. कापूस निर्यात करणारे बंदर मुंबईच्या कापड गिरण्यांना माणसे पुरविणारे बंदर झाले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. चाकरमानी आणि त्याची मनीऑर्डर यांच्यावर तालुक्याचा संसार चालू लागला. रस्ते सुधारल्यावर आगबोटीही बंद झाल्या. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, ती किनारा सोडून कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूने, वेंगुर्ल्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर दूर अंतरावरून. तालुक्यातील चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. तोही बंदरापासून दूर, पठारावर आहे.

गर्दी ओसरलेल्या या मुलखाने मराठी साहित्याला मात्र विपुल दिले. मंगेश पाडगावकरांचा जन्म १९२९ मध्ये वेंगुर्ल्यात झाला. चिं. त्र्यं. खानोलकर १९३० मध्ये बागलांची राई येथे जन्मले. त्यांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीचे नाव ज्या ठिकाणावरून आले, तेथील खडकांत समुद्राचे पाणी शिरून होणारा घोष आजही ऐकता येतो. जयवंत दळवींचे बालपण आरवलीत गेले. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्यामुळे त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भाविक त्यास चामड्याच्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. पर्यटक या चपलांची छायाचित्रे काढतात. ज्या गावातील कर्ती माणसे वर्षातील अकरा महिने मुंबईत असत, त्या गावाला रात्री फिरणाऱ्या राखणदाराची किती निकड वाटत असेल, हा विचार मात्र छायाचित्रात येत नाही. हिवाळ्यातील जत्रांमध्ये रात्रभर चालणारे दशावतारी नाटक हे या भागात पाहण्याजोगे दुसरे मोठे आकर्षण. त्याला तिकीट नसते आणि ते पहाटेपूर्वी संपतही नाही.

शिरोडे

आरवलीच्या पुढे शिरोडे लागते. वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात येथील शाळेत अध्यापन केले आणि त्यांच्या कादंबरीलेखनाचा पाया येथेच घातला गेला. त्यांच्या स्मृती जतन करणारे संग्रहालय शिरोड्यात आहे. साहित्याच्या अध्यापकांसाठी हे स्थळ नवे नाही. इतिहासाच्या दृष्टीने शिरोड्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. मे १९३० मध्ये येथे मिठाचा सत्याग्रह झाला. तो येथेच का झाला, याचे उत्तर पुन्हा भूगोलात आणि १८१२ नंतरच्या सीमारेषांत सापडते. शेजारी सावंतवाडीचे संस्थान, दक्षिणेस पोर्तुगीज गोवा आणि मध्ये ही चिंचोळी ब्रिटिश पट्टी. मिठावरील कायदा मोडावयाचा तर तो ब्रिटिश हद्दीत मोडला पाहिजे आणि तेथे मिठागरेही असली पाहिजेत. शिरोड्यात दोन्ही होते. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांना या लढ्यासाठी सत्याग्रही जमविल्याबद्दल अटक होऊन कारावास घडला. साखवाळसारख्या गावात जन्मलेल्या या गोमंतकीय पंडिताने हार्वर्डसारख्या विद्यापीठातील काम पाहून पुढे शिरोड्याच्या मिठासाठी तुरुंग पत्करावा, ही घटना विद्यार्थ्यांना मिठागराच्या बांधावर उभे राहून सांगितली तर ती अधिक उमगेल.

मिठागर पाहावयाचे तर पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत जावे. भरतीचे पाणी बांधातून आत घेऊन उथळ वाफ्यांत एकामागून एक फिरविले जाते, उन्हाने ते दाट होते आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे कण धरतात. मग ते ओढून ढीग करतात. या कामात यंत्र जवळजवळ नाहीच. स्वस्त मिठाच्या स्पर्धेत हा व्यवसाय आक्रसत आहे. सत्याग्रहाचे स्मारक उभारता येते, पण मीठ पिकविणारी माणसे उरली नाहीत तर त्या स्मारकासमोर उभे राहून नेमके काय दाखवावयाचे, हा प्रश्न लवकरच येईल.

रेडी, तेरेखोल आणि समुद्रातील खडक

रेडीचा यशवंतगड खाडीच्या मुखावर आहे. सावंत, पोर्तुगीज व इंग्रज यांच्यात या किल्ल्याने अनेकदा हात बदलले. पोर्तुगिजांनी १७४६ च्या मोहिमेत तेरेखोलबरोबर रेडीही घेतले होते. रेडी पुढे सावंतांना परत मिळाले आणि तेरेखोल गोव्यातच राहिले. महाराष्ट्र-गोव्याची आजची सीमा नदीच्या उत्तर काठावर एक लहानसा तुकडा का ठेवते, याचे उत्तर त्या मोहिमेत आहे. तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला. रेडीत लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या आणि १९७६ मध्ये खाणीच्या परिसरात सापडलेल्या गणेशमूर्तीमुळे गावाची ओळखच बदलली. खाणींनी फोडलेल्या तांबड्या टेकड्या मंदिराच्या वाटेवर दिसतात. त्या यादीत नसतात.

वेंगुर्ल्याच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे चौदा किलोमीटरवर खडकांचा एक समूह आहे. दर्यावर्दींना तो शतकानुशतके धोकादायक वाटत आला आणि म्हणूनच तेथे दीपगृह उभारले गेले. या खडकांतील गुहांमध्ये पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटी करतात. पूर्व आशियात सूपासाठी अशा घरट्यांना मोठी किंमत येत असल्याने येथून त्यांची चोरटी निर्यात होत असे आणि पुढे वनखाते व पक्षीअभ्यासकांना संरक्षणाची व्यवस्था करावी लागली. विणीच्या काळात तेथे जाण्याचा आग्रह पर्यटकांनी धरू नये. किनाऱ्यावरून दुर्बिणीने पाहणे पुरेसे आहे.

क्षेत्रभेटीसंबंधी

इतिहासाच्या विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट आखताना वरील क्रम पाळता येईल. पहिल्या सकाळी बंदर व दीपगृहाची टेकडी, तेथून वखार, नंतर मंडई. वखारीत प्रत्येक गटाने एका भिंतीचे मोजमाप, दगडांची बांधणी आणि पडझड यांची दिनांकित नोंद करावी. अशी नोंद दरवर्षी झाली तर पुढील दहा वर्षांत त्या वास्तूविषयी कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा अधिक तपशील महाविद्यालयाकडे जमा होईल. दुपारी मांडवी खाडीत महिला बचत गट चालवीत असलेल्या कांदळवन सफरीची होडी घ्यावी. ज्या खाडीतून कधी माल येत असे, तेथे आता वनस्पती व पक्षी दाखविण्याचा व्यवसाय गावातील स्त्रियांनी उभा केला आहे आणि त्याची माहिती त्यांच्याच तोंडून ऐकणे योग्य.

दुसऱ्या दिवशी १९५७ मध्ये सुरू झालेले प्रादेशिक फळ संशोधन केंद्र पाहावे. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ आंबा ही या केंद्राची देणगी आहे. बंदराचे नाव दूरवरच्या बाजारात आज जाते ते बहुधा या काजूमुळेच. नगरपरिषदेने २०१० च्या दशकात आपल्या कचरा डेपोचे रूपांतर स्वच्छ, पाहण्याजोग्या प्रकल्पात केले, तोही वाटेवर आहे. कचरा डेपो प्रेक्षणीय स्थळांत गणला जावा हे विनोदी वाटेल, परंतु नगरशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी तो कोणत्याही किनाऱ्याइतकाच उपयुक्त आहे. तेथून मोचेमाड व आरवलीमार्गे शिरोडे गाठून मिठागरावर सायंकाळ करावी आणि मुक्काम वेंगुर्ल्यातच करावा. वखारीतील नोंदींची प्रत स्थानिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी आणि पुढील वर्षी येणाऱ्या तुकडीने तेथूनच आरंभ करावा.